इंद्राचं पोट

बोरगावच्या नेमगोंडाला पोट होतं, पण ते गावाला ठाऊक नव्हतं. ठाऊक व्हावं तरी कसं? दंड काटकुळे, मान बारीक, पायाच्या नळ्या उघड्या दिसणाऱ्या. अंगात सैल कोट आणि डोक्याला पटका. असा माणूस किराणा दुकानाच्या गादीवर बसला की गिऱ्हाइकाला वाटे, ह्याला घरात कुणी पोटाला घालत नाही की काय. मीठमिरची न्यायला आलेल्या बाया जाताजाता त्याच्या बायकोला, चंपाबाईला, ऐकवून जात, की वैनी, आप्पाच्या ताटात जरा तूप पडू दे. चंपाबाई नुसती हसे. कारण कोटाच्या आत, बंडीचे बंद ताणून बसलेलं ते गोल गरगरीत पोट त्या घरात तिला एकटीलाच माहीत होतं.

आता हे पोट आलं कुठून? तर काडी पैलवान म्हणून जन्मभर चिडवून घेतलेल्या माणसाला एक भ्रम असतो, की आपल्याला काही खाल्लं तरी चालतं. नेमगोंडाला तो भ्रम लहानपणापासून होता. दुकानात उजव्या हाताला गुळाची ढेप, डाव्या हाताला शेंगा आणि फुटाण्यांची पोती. गिऱ्हाईक असो नसो, हात पोत्यात. चहाबरोबर शेव, जेवणात तुपाची धार, जेवल्यावर परत गूळ. चाळिशीपर्यंत हाडं होती तिथंच राहिली आणि खाल्लेलं सगळं एकाच जागी मुक्कामाला आलं.

दुकानात कोट लाज राखत होता. पंचाईत व्हायची ती बस्तीत. जैनांच्या त्या देवळात अभिषेकाला पुरुषांनी उघड्या अंगानं, ओल्या धोतरात उभं राहायचं. नेमगोंडा चैत्रातल्या उन्हाळ्यातसुद्धा उपरणं छातीपासून खाली गुंडाळून घेई आणि कुणी विचारलं तर कणकण आहे म्हणे. आणि कलश कोण धरी? तर त्याचा चुलतभाऊ श्रीपाल.

श्रीपाल त्याच्याच वयाचा. शेती स्वतः कसणारा, रुंद खांद्याचा, पोट पाठीला लागलेलं. बरं, त्याला त्याचा गर्व असता तर नेमगोंडाला निदान शिव्या तरी घालता आल्या असत्या. पण श्रीपाल साधा. त्याची बायको कमळाबाई आणि चंपाबाई एकमेकींच्या घरी ताक, विरजण, पीठ नेत आणत. दोन्ही घरांत फक्त एका गल्लीचं अंतर होतं.

एका रविवारी बस्तीतून आल्यावर भाकरी थापता थापता चंपाबाई सहज बोलून गेली, "श्रीपालभावजी अभिषेकाला हुबं र्‍हायलं की वाटतंय, धोतर नेसावं तर असल्या माणसानंच."

तिच्या मनात काही नव्हतं. चिकोडीकडच्या कानडी घरची लेक ती, आत एक बाहेर एक तिला जमत नसे. पण नेमगोंडानं उचललेला घास ताटात परत ठेवला. सोळा आणे खरं होतं, म्हणून जास्त लागलं. ही रोज आपलं पोट बघते आणि मनातल्या मनात त्याच्या पोटाशी ताडून बघते, असं त्याच्या डोक्यात जे शिरलं ते शिरलंच.

त्या दिवसापासून तो जळू लागला. श्रीपाल दुकानात आला की चंपाबाई आतून बाहेर येते का, हे बघू लागला. ती आली तर का आली, नाही आली तर मुद्दाम कशी आली नाही! तिनं ताकाचा तांब्या पुढं केला की नेमगोंडाला वाटे, एवढं काठोकाठ भरायचं काही कारण नव्हतं. एकदा तर श्रीपालला गूळ तोलताना त्यानं काटा हळूच आपल्या बाजूला झुकवला. गुळानं श्रीपालचं काही बिघडलं नाही आणि नेमगोंडाचं काही भागलं नाही. मत्सराचं असंच असतं, खर्च सगळा आपला.

त्यात बस्तीपुढचा नवा मानस्तंभ पुरा झाला आणि माघात पंचकल्याणक पूजा, म्हणजे तीर्थंकराच्या गर्भापासून मोक्षापर्यंतचे पाच सोहळे, करायची ठरली. ह्या पूजेत तीर्थंकराचा जन्म झाला की दोन इंद्र दोन बाजूंना उभे राहून बाळदेवाला कलशांनी न्हाऊ घालतात. पंचांनी दोन्ही मान एकाच भाऊकीत दिले. एक इंद्र श्रीपाल आणि दुसरा नेमगोंडा. डोक्यावर मुकुट, गळ्यात माळा, कमरेला धोतर, आणि मधलं सगळं उघडं. समोर भोज, सदलगा, निपाणीपासून लोटलेला समाज. शेजारी इंद्राणी म्हणून ज्याची त्याची बायको.

नेमगोंडाला त्या गर्दीचं काही नव्हतं. त्याला एकच पाहिजे होतं. त्या दिवशी चंपाबाईची नजर श्रीपालवर न जाता आपल्यावर ठरली पाहिजे.

चातुर्मास लागला. बस्तीत एक त्यागी, म्हणजे घरदार सोडलेले साधू, मुक्कामाला आले आणि रिवाजाप्रमाणे लोक उठून नियम घेऊ लागले. कुणी पानसुपारी सोडली, कुणी रात्रीचं पाणी सोडलं. नेमगोंडा उठला, हात जोडले आणि चार महिने एकाशन करीन म्हणाला. दिवसाला एकदाच जेवण. गाव हेलावलं. हा हाडांचा सापळा आणि ह्याची ही श्रद्धा, म्हणून म्हाताऱ्या डोळे पुसू लागल्या. पोटासाठी घेतलेला नियम आहे, हे आता तो कुठल्या तोंडानं सांगणार?

आणि मग त्यानं तीच चूक केली जी आमच्याकडं निम्मं गाव करतं. एकदाच जेवायचं ना, मग दिवसभराचं एकदाच भरून घेतलं. चंपाबाई तरी काय करणार? उद्यापर्यंत नवऱ्याच्या पोटात अन्नाचा कण जाणार नाही म्हणून ती भाकरीवर भाकरी, भाताच्या ढिगावर तूप, आणि वर एखादी पोळी वाढायची. तोही नाही म्हणायचा नाही. मग गादीवर आडवा व्हायचा. महिन्याभरात दंड आणखी वाळले, गालफडं बसली आणि पोट होतं त्याहून पुढं आलं. करायला गेला गणपती आणि झाला मारुती, त्यातली गत. लोक म्हणत, आप्पा तपानं झिजला. आप्पा बंडीचे बंद सैल करत बसे.

एका दुपारी प्रवचनात त्यागी म्हणाले, की एकाशन म्हणजे पोतं एकदाच ठासणं नव्हे. जेवताना पोटाचा एक कोपरा रिकामा ठेवून उठावं, त्याला ऊनोदर म्हणतात, आणि उपासापेक्षा तेच अवघड. तूप, गूळ, दूध ह्यांतलं एखादं सोडून बघा, जीभ कुठं कुठं पळते ते कळेल. सगळे हसले. नेमगोंडा कोट आवळून सगळ्यांच्यात मोठ्यानं हसला. पण ऐकलं त्यानं.

एकाशनाचा नियम मोडला नाही, पण ताट बदललं. भाकरी, पालेभाजी, पातळ ताक. भात नावाला. तूप बंद, गूळ बंद. गुळाची ढेप त्यानं नोकराच्या बाजूला सरकवली. चंपाबाईनं वाढायला हात पुढं केला की तो ताटावर तळवा आडवा धरी आणि तिच्याच माहेरच्या भाषेत 'साकु' म्हणे. पुरे. पहिले काही दिवस शेंगांच्या वासानंसुद्धा त्याचा जीव कासावीस झाला. पण भूक जास्त झाली की तो डोळे मिटून श्रीपालला मुकुटात बघे, चंपाबाईला त्याच्याकडं बघताना बघे, आणि भूक मरून जाई. भल्या पहाटे उठून नदीपर्यंत चालत जाता यावं, घरात कुणाची झोपमोड होऊ नये, म्हणून तो सोप्यात चटईवर निजू लागला. चातुर्मास संपला, नियम सुटला, तरी त्यानं ते ताट काही सोडलं नाही. दोन वेळा जेवायचं, दिवस मावळायच्या आत, आणि भूक ठेवून उठायचं.

थंडीत पोट उतरलं. वखारीत एकटा असताना तो बंडी वर करून बघे आणि गालातल्या गालात हसे. पण ते त्यानं चंपाबाईलासुद्धा दाखवलं नाही. माघातच दाखवायचं, एकदम, मुकुटासकट, असं त्यानं ठरवलं होतं.

आता हे सगळं चंपाबाईच्या बाजूनं बघा. नवऱ्यानं तूप सोडलं. गूळ सोडला. अंथरूण सोडून चटई घेतली. उजाडायच्या आत घराबाहेर पडतो, तिच्याशी धड बोलत नाही, एकटाच काहीतरी मनात ठेवून असतो. त्या सालांत आमच्या भागात बरेच संसारी लोक कमंडलू उचलून घर सोडून गेलेले. तिचा सख्खा मामा असाच गेला होता. आधी तूप, मग अंथरूण, मग घर. पुढं काय होणार हे तिला विचारायला लागलं नाही. तिनं कमळाबाईला सांगितलं, कमळाबाईनं श्रीपालला, आणि बाकीच्या गावाला सांगावं लागतच नाही.

निपाणीहून माल घेऊन नेमगोंडा एका दुपारी लवकर परतला. मागच्या सोप्यात चंपाबाई डोळ्याला पदर लावून बसली होती आणि समोर श्रीपाल हळू आवाजात तिची समजूत घालत होता. नेमगोंडाला बघितल्याबरोबर दोघं गप्प झाली. गप्प होणारच, विषय त्याचाच होता! पण त्याच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तो तसाच दुकानात जाऊन मालाची पोती उतरवू लागला. संध्याकाळी भाकरीचा एक तुकडा मोडून उठला, आणि चंपाबाईची खात्री आणखी पक्की झाली.

दोन दिवसांनी पंच घरी आले. पुढं आदगोंडा आप्पा, मागं बस्तीचे पुजारी उपाध्ये, आणि भाऊकी म्हणून श्रीपाल आणि कमळाबाई. चहापाणी झालं. आदगोंडा आप्पांनी घसा खाकरून नेमगोंडाच्या वैराग्याची बरीच स्तुती केली आणि म्हणाले, की पूजेत दीक्षाकल्याणकाच्या दिवशी नेमगोंडानं क्षुल्लक दीक्षा घेतली, म्हणजे घर सोडून त्यागी होण्याची पहिली पायरी चढली, तर गावाचं नाव होईल. फक्त घरच्या बाईची परवानगी पाहिजे. तेवढी घ्यायला आलो आहोत.

नेमगोंडानं कप बशीत ठेवला. वैराग्य? तो काही म्हणणार त्याच्या आत चंपाबाई चौकटीशी येऊन उभी राहिली. रडायचं तेवढं ती आधीच रडून बसली होती, म्हणून तिचा आवाज स्थिर होता.

"त्येंच्या वाटंत मी आडवी येणार न्हाई. माझी परवानगी हाय."

किती कष्टानं ती हे बोलली असेल, ते ऐकणाऱ्या सगळ्यांना कळलं. नेमगोंडाला मात्र एवढंच ऐकू आलं, की ही किती सहज सोडते आहे. आणि ती बोलत असताना श्रीपाल मान खाली घालून बसला होता, ते त्याला दिसलं.

"मला घालवून श्रीपालकडं बघत बसायचं हाय व्हय तुला?"

बोलून गेल्यावर नेमगोंडाला स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून तो आणखी चिडला. त्यानं कोट काढून फेकला, बंडीचे बंद सोडले आणि आपलं सपाट पोट पंचांच्या पुढं उघडं केलं.

"वैराग्य न्हाई नि काय न्हाई. पोट सुटलंतं मला. ह्याच्याशेजारी हुबं र्‍हायचं, ह्याच्यापरीस बरं दिसावं म्हणून तूप सोडलं."

आदगोंडा आप्पा त्या पोटाकडं बघत राहिले. मग म्हातारा हसायला लागला, उपाध्ये हसले, आणि हसण्यावारी नेऊन पंच उठले. श्रीपाल हसला नाही. कमळाबाई उठली आणि तिचा ताकाचा तांब्या तिथंच राहिला, तो परत न्यायला ती आली नाही. चंपाबाई आत चुलीपाशी गेली.

माघात पूजा झाली. मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. दोन इंद्र पांडुकशिलेच्या, बाळदेवाला न्हाऊ घालायच्या चौथऱ्याच्या, दोन बाजूंना उभे राहिले. श्रीपाल देवाकडं तोंड करून होता, भावाकडं त्यानं एकदाही वळून बघितलं नाही. आणि खोटं कशाला बोला, नेमगोंडा त्या दिवशी देखणा दिसला. कंबर घट्ट, धोतर जिथल्या तिथं. सदलग्याच्या बाया एकमेकींना कोपरानं ढोसून विचारत होत्या, की हा कोण? नेमगोंडाला ते ऐकू आलं. त्यानं दोन्ही हातांनी कलश डोक्याच्या वर उचलला आणि चंपाबाईकडं बघितलं.

इंद्राणीच्या वेषात ती त्याच्यापासून हातभर अंतरावर उभी होती. तिची नजर खाली फरशीवर होती. त्यानं पहिला कलश घातला, दुसरा उचलला. तिनं मान वर केली नाही. वाद्यं वाजली, लोकांनी जयजयकार केला, फुलं उधळली, आणि तिच्या डोळ्यांची पापणी काही हलली नाही.

मांडवामागं मुकुट उतरवताना त्याला राहवलं नाही. हलक्या आवाजात, लहान पोरासारखं त्यानं विचारलं, "तू माझ्याकडं बघितलंसच न्हाई."

चंपाबाई आपल्या मुकुटाची गाठ सोडत होती.

"वर बघितलं असतं तर कुणाकडं बघितलंस म्हणून तुम्ही इचारलं असतं," ती म्हणाली. "म्हणून म्या कुणाकडंच बघितलं न्हाई."

गाठ सुटली. मुकुट परातीत ठेवून, पदर डोक्यावरून पुढं ओढून ती बायकांच्या पंगतीत वाढायला गेली.