मागच्या सीटवरचं घोंगडं

मल्हारने दिवाळीत गाडी आणली, तेव्हा वाडीतल्या बायांनी आधी हेच विचारलं, की हिला चार्जिंगला कुठं लावता. त्याची बायको मंगल सांगत राहिली, की लावायचं नसतं, चालता चालता आणि ब्रेक मारताना हिची बॅटरी आपली आपण भरते. हायब्रिड आहे. बाया 'व्हय व्हय' म्हणाल्या आणि डिकीत प्लग शोधू लागल्या.

मल्हारचं गलाईचं, म्हणजे सोनं गाळायचं दुकान वरंगळला. तिथल्या एका डॉक्टरांनी नऊ वर्षं वापरलेली ही गाडी त्याने घेतली, विट्याजवळच्या वाडीत आणून लावली आणि परत गेला. गाडी घेतली ती आईसाठी. भामाबाईंच्या डोळ्यात दर महिन्याला मिरजेत इंजेक्शन द्यावं लागे. आदल्या वर्षी हे जाणं मल्हारचा चुलतभाऊ इंद्रजित याच्या जीपवर अवलंबून होतं. कधी ऊस, कधी लग्नाचं भाडं, असं करत दोन तारखा हुकल्या आणि डावा डोळा गेला तो गेलाच. उरला उजवा.

म्हणून मंगल चाळिशीत गाडी शिकली. पहिले काही दिवस गाडी सुरू झाली की नाही हेच तिला कळत नसे, कारण आवाजच नाही. कोंबड्या चाकापुढून हलत नसत आणि पारावरचे लोक म्हणत, "आली मुकी गाडी." पण मंगलने ती मनावर घेतली. मेंढरं विकून बरीच वर्षं झाली होती, तरी सकाळी उठून जनावराचे खूर बघायची सवय तिच्या हातात होती. तशीच ती चाकं बघे. बॉनेटखाली गाडी गार ठेवणाऱ्या पाण्याच्या बाटल्या दोन, एक इंजिनाची आणि एक विजेच्या बाजूची, दोन्ही बघे. एकदा गाडी दहा दिवस उभी राहिली आणि गाडी सुरू करायची छोटी बॅटरी बसली. तेव्हापासून काम नसलं तरी ती एक दिवसाआड विट्याला जाऊन कोथिंबिरीची जुडी घेऊन येई. मोठ्या बॅटरीच्या नारिंगी वायरला हात लावायचा नाही, जोराचा शॉक बसेल, हे तिने घरात सगळ्यांना बजावलं होतं.

भामाबाई मात्र मोकळ्या सीटवर बसायला तयार नव्हत्या. या घरात आल्यागेल्याला घोंगडं अंथरल्याशिवाय बसवत नसत, मग गाडीत कसं बसायचं? आणि पुढची जागा मल्हारची. तो वरंगळला असला तरी त्याचीच. म्हणून मागच्या सीटवर काळं घोंगडं अंथरलं गेलं, ते कायमचंच.

दुसऱ्या उन्हाळ्यात मिरजेहून येताना तासगावच्या पुढे स्टिअरिंगसमोर लाल दिवा लागला. गाडीची ओढ गेली. मंगलने हळूहळू कसंबसं घर गाठलं.

इंद्रजित बघायला आला. "वैनी, बॅटरी गेली. म्या तवाच म्हनलं हुतं, असली गाडी जुनी घ्यायची नसती. इकून टाका. गिऱ्हाईक म्या बघतो."

"आणि आत्यांना मिरजेला?" मंगलने सासूचं विचारलं.

"म्या हाय की."

रात्री फोनवर मल्हारही तेच म्हणाला. "नवी बॅटरी लय म्हाग. इंद्रजित नेईल आईला."

"आवं, मागं नेलं तसंच?"

पलीकडून मल्हार म्हणाला, "बग. पुढच्या तारखेच्या आत काय हुतंय का."

मंगल गाडी हळूहळू कऱ्हाडला घेऊन गेली. गॅरेजवाल्याने मशीन लावून बघितलं. "बॅटरी तापतीय ताई. एवढी जुनी म्हटल्यावर गेलीच असणार. सोमवारी आणा, खोलून बघू."

"तापतीय, तर ती गार कशानं हुती?"

"मागच्या सीटच्या बाजूला जाळी असते की. आतला पंखा तिथून हवा ओढतो."

मंगल मागे वळून बघू लागली. जाळी दिसेना. तिथे घोंगड्याचा कोपरा होता, नीट घडी करून कोंबलेला.

तिने तो ओढून काढला. जाळीमागची फिल्टरची जागा काळ्या लोकरीने भरली होती, थरावर थर, हाताने चेपून लोकरीचा जाड नमदा करावा तशी. गॅरेजवाला म्हणाला, "हे कुठलं गवत?"

"लोकर हाय," मंगल म्हणाली.

त्याने तिथेच पंखा काढून साफ केला. दिवा गेला. "पण बॅटरी दमलीय थोडी," तो म्हणाला. "वर्ष काढंल, चार काढंल, सांगता यायचं नाही. दर चार महिन्यांनी जाळी साफ करत जा."

घरी आल्यावर मंगलने घोंगडं उंबऱ्यावर झटकलं. भामाबाईंनी उजवा डोळा बारीक केला.

"कोपरा तुमीच कोंबलाता न्हवं आत्या?"

"कानापाशी घुं घुं करायचं. म्हनलं गार वारं येतंय." जरा थांबून त्या म्हणाल्या, "माझ्यापायी बिघडली व्हय?"

"माझ्यापायीबी. रोज चाकं बघत हुते, मागं कवा बघितलं न्हाई."

"मल्हारला सांगशील?"

तेवढ्यात त्याचाच फोन आला. गाडी बरी आहे हे ऐकून तो खूश झाला, मग विचारलं, "जाळी तुंबली कशानं?"

भामाबाई चुलीपाशी ताट पुसत राहिल्या. ते आधीच पुसलेलं होतं.

"लोकरीनं."

"गाडीत लोकर कुठनं आली?"

"धनगराच्या गाडीत लोकर न्हाई तर काय कापूस निघंल?"

मल्हार हसला आणि विषय संपला. इंद्रजितला मात्र गाडी विकायची नाही हे सांगायला मंगल स्वतः गेली.

पुढच्या तारखेला तिने घोंगडं नेऊन पुढच्या सीटवर अंथरलं, कडा खाली दुमडून. भामाबाई दाराशी थबकल्या.

"ती मल्हारची जागा हाय."

"दिवाळीला आले की बसतील मागं. जाळीबी बघतील."

भामाबाई बसल्या. बेल्ट मंगलने लावला. तासगाव मागे पडल्यावर त्या बोट पुढे करून म्हणाल्या, "त्या बोर्डावर मिरज लिवलंय न्हवं?"

"व्हय."

"दिसलं मला," भामाबाई म्हणाल्या.