मेरिलुसचा चर

तोंतों मेरिलुसने आयुष्यात कुदळ फारशी चालवली नाही, तरी आमच्या डोंगरातलं एकही रान त्याच्याशिवाय खणलं गेलं नाही. आमच्या हैतीत कोंबित असते. आज सगळ्यांनी मिळून तुझं रान खणायचं, परवा माझं. मजुरी नाही, रानमालकाने मक्याच्या कण्या आणि घेवड्याचं कालवण पोटभर घालायचं. ओळीच्या पुढे गाणारा उभा राहतो आणि जो मागे पडेल त्याला नाव घेऊन गाण्यातच टोमणे मारतो. रागवायचं नाही, हात चालवायचा. मेरिलुस असा गाणारा. लहानथोर सगळे त्याला तोंतों, म्हणजे काका, म्हणत. मी शाळेत शिकवते, पण मलाही त्याने सोडलं नाही. "मास्तरीणबाई, खडू हलका आणि कुदळ जड, नाही का गं?" मी अशी चिडले होते की त्या दिवशी दोन वाफे जास्त खणले.

मागच्या वर्षीच्या वादळात डोंगराचं पाणी वस्तीत घुसलं. सहा घरं गेली आणि मेरिलुसची बायको अनासिल गेली. मग परदेशी मदत आली. ताडपत्र्या आल्या, तांदूळ आले, आणि डोंगराचं पाणी वरच्या वर घळीत वळवायला चर खणायचं काम निघालं. त्या कामावरची बाई मारित, नॉर्वेची. मनाने अगदी लोणी. आमच्यात बसून कण्या खायची, मोडकंतोडकं बोलायची. पण तिच्या कागदावर खणणारा होता, दगड वाहणारा होता, पाणी आणणारा होता. गाणाऱ्याला रकानाच नव्हता.

"तोंतों, तुमच्या नावापुढे काय लिहू?"

"लिही की, गातो म्हणून."

ती ओशाळली आणि तिने 'खणणारा' लिहिलं. आम्हीही काही कमी शहाणे नव्हतो. दिवसाची मजुरी मिळतेय ना, मग गाणं कशाला? सगळे मुकाट खणत राहिले. कुणी कुणाला टोमणा मारेना, त्यामुळे कुणाला घाईही वाटेना.

जुलैत मदतीचा पैसा संपला. चराचा तिसरा हिस्सा राहिला होता. मारितने रडवेल्या तोंडाने निरोप घेतला. अर्धवट चर नसल्यापेक्षा वाईट होता, कारण तो सगळं पाणी गोळा करून नेमकं शाळेखालच्या अकरा घरांवर सोडणार होता. वादळाचे दिवस तोंडावर आले होते. मेरिलुस दारोदार फिरला. फानोर दाराशी आपली मोटरसायकल पुसत होता.

"दुसरी संस्था येईल की, तोंतों. दर वादळामागे एक येतेच."

"आणि वादळच आधी आलं तर?"

फानोर पुन्हा मोटरसायकल पुसायला लागला. तहान लागल्यावर विहीर खणणारी आमची जात.

दुसऱ्या दिवशी उजाडताच सत्तरीचा हा म्हातारा कुदळ घेऊन एकटाच चरात उतरला आणि सगळ्या दरीला ऐकू जाईल असा गाऊ लागला.

"फानोर झोपला गं बाई, संस्थेची वाट पाहतो,
संस्था पोचेस्तोवर त्याच्या खाटेखालून ओढा वाहतो!
रोझमेन बाजारात दहा पोती उचलते,
चराशी आली की तिची कंबर कुरकुरते!"

फानोर तणतणत वर आला. "बायकापोरांदेखत माझी अब्रू काढता?"

"खोटं असेल तर खणून दाखव."

फानोरने त्याच्या हातातली कुदळ हिसकावली आणि खणायलाच लागला. आठवडाभरात चाळीस माणसं झाली. रोझमेनने तिथेच चूल मांडली. "या म्हाताऱ्याची जीभ छाटायला हवी," असं म्हणत पहिलं ताट रोज त्यालाच वाढायची. एकोणीस दिवसांत चर घळीला भिडला. मी फोन करून मारितला सगळं सांगितलं. "मी त्यांना खणणारा लिहिलं," एवढंच ती म्हणाली. वाईट नव्हती हो ती. तिला कुणी विचारायला शिकवलं नव्हतं आणि आम्हीही तोंड उघडलं नव्हतं.

सप्टेंबरअखेर वादळ आलं. आम्ही सगळे शाळेत दाटीवाटीने बसलो होतो. सकाळी वारा पडल्यावर धावत वर गेलो. तांबडं पाणी गर्जत चरात शिरत होतं, वळत होतं आणि घळीत कोसळत होतं. चार घरांचे पत्रे उडाले होते, पण अकराच्या अकरा घरं जागेवर होती. आम्ही चिखलात नाचलो. रोझमेनने फानोरचा मुका घेतला, मग भानावर येऊन त्याला ढकलून दिलं.

मेरिलुस मात्र काठावर बसून पाण्याकडे बघत होता.

"तोंतों, गा की आता," फानोर म्हणाला. "आज कुणाला धरणार?"

त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग अगदी हलक्या आवाजात त्याने सूर लावला.

"अनासिल, तुला मेलीला सगळ्यातच घाई,
एक पावसाळाही तुझ्याच्यानं थांबवलं नाही.
चर झाला गं माझा, आता पाणी येत नाही..."

वर्षभरात तिचं नाव त्याच्या तोंडून आम्ही पहिल्यांदा ऐकलं. ओळ संपली की आम्ही साथ द्यायची असते. तो थांबून वाट बघत होता, आणि आमच्यापैकी एकाचाही आवाज फुटेना.