टिपणीसबाई आणि मीठ-मोहरीची केस

आमच्या दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या ब्लॉकमध्ये कुणाला वकील हवा असला की लोक टिपणीसबाईंकडे जातात आणि कुणाला शांतता हवी असली की त्यांच्यापासून लांब राहतात. मी त्यांच्या डोक्यावर, म्हणजे बरोबर वरच्या मजल्यावर राहते. त्यांचा आवाज मला माझ्या स्वयंपाकघरात ऐकू येतो. स्कूटर जिन्याच्या तोंडाशी लावू नका, हे मी त्यांना इतक्यांदा सांगितलंय, की आता सांगितलं नाही तर त्याच विचारतात, "विजयाताई, तब्येत बरी आहे ना?"

त्यांचे यजमान पद्माकरराव केंद्र सरकारात मोठ्या हुद्द्यावर आहेत. घरात मात्र चहा हवा असला तर तो त्यांनाच करावा लागतो आणि बाईंकडे आलेल्या पक्षकारांनाही द्यावा लागतो.

सुनंदा टिपणीस फॅमिली कोर्टात वकिली करतात, आणि त्यातही एकाच जातीच्या केसेस मनापासून लढतात. नवराबायकोचं फाटतं. कोर्ट म्हणतं, मूल एकाकडे राहील, दुसऱ्याने महिन्यातून दोनदा भेटावं. हुकूम होतो, सही-शिक्का होतो, आणि मग नेमका भेटीच्या दिवशी मुलाला ताप येतो. पुढच्या खेपेला परीक्षा असते. त्याच्या पुढच्या खेपेला मामेबहिणीचं लग्न. अशा वाट बघून थकलेल्या आया आणि बाप रविवारी सकाळी बाईंच्या बैठकीत बसलेले असतात.

आलेला माणूस आधी जोडीदाराचे गुन्हे सांगू लागतो. बाई हात वर करून त्याला थांबवतात आणि भलतंच विचारतात. आमच्या शेजारच्या ब्लॉकमधला जयदीप पहिल्यांदा आला तेव्हा मी माझी वाटी परत न्यायला खाली गेले होते, म्हणून हे मी कानांनी ऐकलंय.

"मुलीच्या बुटाचा नंबर काय?"

जयदीप आकडेवारीच्या खात्यात नोकरी करणारा माणूस, पण हा एक आकडा त्याच्याकडे नव्हता.

"तिची शाळेतली मैत्रीण कोण?"

"लक्षात नाही मॅडम."

"मग माहीत करून घ्या. मला तुम्हाला कोर्टात बाप म्हणून उभं करायचंय, नवरा म्हणून नाही."

मला त्याची दया आली. बायको क्षिप्रा मुलीला घेऊन नोएडाला माहेरी गेलेली, मुलगी उत्तरा पहिलीत. महिन्याच्या दोन शनिवारी कोर्टातल्या मुलांच्या खोलीत भेट ठरली होती, पण कित्येक महिने पोरीचं तोंडही दिसलं नव्हतं. त्याची आई, आमच्या सगळ्यांच्या काकू, चिपळूणचं घर बंद करून मुलाकडे राहायला आल्या होत्या. त्यांना हिंदी येत नाही, म्हणून त्या भाजीवाल्याशी खुणांनी भांडतात.

येणार नाही असा मेसेज आला तरी त्या खोलीत जाऊन बसायचं, हा बाईंचा दंडक. जयदीप जायचा. प्लास्टिकच्या घसरगुंडीशेजारी, लहान मुलांच्या बुटक्या खुर्चीवर बसून राहायचा. मग बाईंनी अर्ज केला, जज मॅडमनी क्षिप्राला चांगलंच सुनावलं, आणि एका शनिवारी उत्तरा आली. काकूंनाही भेटायची परवानगी होती. जयदीपने मुलीसाठी बूट आणले होते आणि ते तिला अचूक बसले. हे मला काकूंनी सांगितलं, आणि बाईंनीही, आणि चहा गाळता गाळता पद्माकररावांनीही.

एवढं सगळं सुरळीत झालं आणि काकूंनी माती केली.

भेट संपताना त्यांनी कनवटीचा रुमाल सोडला, दोन्ही मुठींत मीठ-मोहरी घेतली आणि नातीची दृष्ट काढली. पुटपुटून, पायापासून डोक्यापर्यंत, यथासांग. जाळायची सोय नव्हती म्हणून ते पुन्हा रुमालात बांधून घरी आणून गॅसवर टाकलं. पुढच्या भेटीला काकूंनी रुमाल सोडायला घेतला मात्र, उत्तराने भोकाड पसरलं. न्यायला आलेल्या नोएडाच्या आजोबांनी दारातून ते पाहिलं. आठवड्याभरात समोरच्या वकिलांचा अर्ज आला की बापाच्या घरचे मुलीवर तंत्रमंत्र करतात, मुलगी भेदरली आहे, भेटी बंद कराव्यात.

त्या दिवशी टिपणीसबाईंचा आवाज माझ्या घरापर्यंतच काय, गच्चीवरच्या टाकीपर्यंत गेला असेल. मी खाली धावले.

"काकू, कोर्टात? अहो, कोर्टात?"

"शनिवार होता गं. आणि पोर किती सुकलीय."

"मग घरी फोटोवरून काढायचीत."

"फोटोला कुणाची दृष्ट लागते?" काकू म्हणाल्या, आणि पदर डोळ्यांना लावला. जयदीप आईला एका शब्दाने बोलला नाही. पण मोठ्या मुश्किलीने मिळालेली पोरगी आता पुन्हा जाणार, हे त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

सुनावणी जज मॅडमच्या चेंबरमध्ये झाली. काकूंना विचारायचं होतं, पण हिंदीचा प्रश्न. बाई बापाच्या वकील, त्यांचं भाषांतर समोरचे कसे चालू देणार? म्हणून बाहेर बाकावर काकूंना धीर देत बसलेल्या मला आत बोलावलं. सेक्शन ऑफिसर म्हणून इतकी वर्षं हिंदीत टिपणं लिहिली, पण असं काम कधी केलं नव्हतं.

"माताजी, आप क्या पढ़ रही थीं?" जज मॅडमनी सुरुवात केली.

काकूंनी हात जोडून म्हणून दाखवलं. आल्यागेल्याची, घरच्यादारच्याची, आईची, आजीची, कुणाची दृष्ट लागली असेल तर जळून जाऊ दे. मी जमेल तसं हिंदीत सांगितलं.

समोरचे वकील उभेच राहिले. "देखिए मैडम, माँ का नाम लिया है."

"माँ का क्यों?" जज मॅडमनी विचारलं.

"आईचीच तर सगळ्यात आधी लागते," काकू सरळपणे म्हणाल्या. "तीच बघत असते ना पोरीकडे सारखी. कौतुकाने."

"और पिता की?"

काकूंनी विचार केला. "त्याची कशी लागेल? त्याला बघायला कुठे मिळते?"

हे मी हिंदीत सांगितलं खरं, पण क्षिप्राला माझ्या हिंदीची गरज नव्हती. मी तोंड उघडण्याआधीच तिने मान खाली घातली होती.

आता टिपणीसबाई तिला धरणार, असं मला वाटलं. प्रत्येक चुकलेला शनिवार काढणार, खोटे ताप काढणार. मी तर वाटच बघत होते. बाई उठल्या आणि म्हणाल्या, "मैडम, एक विनती है. बच्ची से ही पूछ लीजिए कि वो क्यों रोई."

मला बाईंचा संताप आला. उत्तर माहीत नसलेला प्रश्न वकिलाने विचारू नये, एवढं मालिका बघून मलाही कळतं. पोरगी 'भीती वाटते' म्हणाली असती तर?

उत्तराला आत आणलं. जज मॅडमनी तिला जवळ घेतलं, दप्तरावरच्या चित्राची चौकशी केली, आणि मग विचारलं, "दादी से डर लगता है?"

तिने मान हलवली. नाही.

"फिर रोई क्यों?"

"आजी नमक घुमाती है," उत्तरा म्हणाली, "फिर पापा चले जाते हैं."

तिला वाटलं असावं आम्हाला कळलं नाही, म्हणून तिने पुन्हा समजावलं. "नहीं घुमाएगी तो नहीं जाएँगे."

समोरच्या वकिलांनी पेनाला टोपण लावलं. क्षिप्रा उभी राहिली. रडत होती, पण शब्द स्पष्ट होते. "मैडम, ये अर्ज़ी मुझे नहीं चलानी. ये तंत्र-मंत्र नहीं है, घर पर मैं भी करती हूँ." मग काकूंकडे वळून मराठीत म्हणाली, "चुकलं माझं, आई."

बाहेर आल्यावर मी टिपणीसबाईंना गाठलं. "एवढी कात्रीत सापडली होती. का सोडलीत तिला? आधीच्या शनिवारांचा जाब नको विचारायला?"

"विजयाताई, इथे हरून गेलेली आई पुढच्या शनिवारी पोरीचे केस विंचरून तिला नोएडाहून घेऊन येईल का?" बाई कोट काढून हातावर टाकत म्हणाल्या. "आली तरी रस्ताभर तिच्या कानात काय सांगेल? मला निकाल नको होता. पोरगी यायला हवी होती."

ही बाई मला आवडते, फार आवडते. हे इथे लिहिते, कारण तोंडावर सांगितलं तर स्कूटर जिन्यातून कधीच हलणार नाही.

पुढच्या भेटीच्या शनिवारी काकूंनी हट्टाने मला सोबत नेलं. निघाल्यापासून गाडीत त्यांचं एकच चाललं होतं, "येईल ना गं?" बाई कोर्टातलं दुसरं काम आटोपून आल्या आणि दारात उभ्या राहिल्या. जयदीप त्याच बुटक्या खुर्चीवर बसला होता. क्षिप्रा स्वतः उत्तराला घेऊन आली, आजोबांना पाठवलं नाही. मुलीचा हात सोडला आणि बाहेर जाऊन बसली.

उत्तरा बापाकडे धावली नाही. आधी काकूंसमोर जाऊन उभी राहिली. तिने त्यांची एक मूठ उघडून पाहिली, मग दुसरी. दोन्ही रिकाम्या होत्या. तेव्हा कुठे ती जयदीपच्या मांडीवर जाऊन बसली.