उलटा फिरणारा पंचम

केळव्याच्या आनंदी राऊतला बंद पडलेली वस्तू फेकवत नसे. यात काटकसर कमी आणि हुरहुर जास्त होती. आत काय आहे ते न बघता एखादी वस्तू घराबाहेर गेली, की दिवसभर तिला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. चिंचणीला माहेरी असताना तिने वडिलांची बॅटरी उघडली होती. आत सेल, एक स्प्रिंग आणि पत्र्याची पट्टी, बस्स. एवढ्याशा सामानातून उजेड कसा पडतो, या नवलातून ती पुढे बाहेर आलीच नाही. लग्न होऊन केळव्याला आली, कृष्णकांतबरोबर नारळ-सुपारीची वाडी सांभाळली, मुलीचं लग्न केलं, शनिवार-रविवारी येणाऱ्या मुंबईकरांसाठी मागच्या दोन खोल्या सजवल्या. पन्नाशी उलटली, तरी स्क्रू दिसला की हात शिवशिवायचे.

केळव्याला उघडायला वस्तूंचा तोटा नाही. खारा वारा कशालाच सोडत नाही. पाहुण्यांसाठी आणलेले चार्जिंगचे दिवे, मच्छर मारायच्या बॅटा, दोन पावसाळे काढले म्हणजे खूप. अशी एक बॅट आनंदीने उघडली, तेव्हा आतल्या हिरव्या सर्किटच्या पाटीवर एका तारेच्या बुडाशी मोरचुदासारखी निळसर पूड दिसली. बोट लावलं तर तार हातात आली. मोबाइलवर व्हिडिओ बघून तिला कळलं, की असा तुटलेला सांधा वितळलेल्या कथलाने पुन्हा जोडता येतो. म्हणजे डागच द्यायचा, फक्त सोनाराच्या डागापेक्षा बारीक. पालघरच्या बाजारातून तिने साधं सोल्डरिंग आयर्न आणलं. लाकडी मूठ, पुढे लोखंडी टोक, मागे वायर. प्लग लावला की तापायचं आणि काढेपर्यंत तापतच राहायचं. बॅट सुरू झाली. पहिला मच्छर तडतडला, तेव्हा आनंदी एवढ्याने ओरडली, की वाडीतून कृष्णकांत धावत आला.

"काय झालं? चटका बसला?"

"नाय ओ, चालू झाली!"

ही बातमी आळीभर झाली आणि गोजराबाईंच्या कानावर गेली. गोजराबाई आळीतल्या बायकांच्या भजनाच्या मुख्य. सत्तरी ओलांडलेली, पण आवाज असा, की देवळात गायल्या तर बंदरावर ऐकू जावा. त्यांच्याकडे तंबोऱ्याची इलेक्ट्रॉनिक पेटी होती. बटण दाबलं की चार तारांचा झंकार सुरू व्हायचा. अलीकडे त्यातली पंचमाची तार मधेच गप्प व्हायची.

"आनंदे, तू म्हणं मशिनी उघडतेस," पेटी ओट्यावर ठेवत गोजराबाई म्हणाल्या. "ही बघ. माझा पंचम आजारी हाय."

आनंदीने पेटी उघडली. दोष सापडायला वेळ लागला नाही. पंचम लावायचं जे फिरवायचं बटण होतं, त्याच्या तीन पायांपैकी एका पायाचा सांधा तडकला होता. तिने आयर्न तापवलं आणि टोक टेकवलं. कथील वितळेना म्हणून आणखी थोडा वेळ टेकवलं. जळका वास आला, पाटी तपकिरी पडली आणि त्या पायाभोवतीचं तांब्याचं इवलंसं कडं सालीसारखं सुटून टोकाला चिकटून वर आलं. ते कडं ज्या बारीक रेघेला जोडलेलं होतं, तीही थोडी उचकटली. पेटी लावली, तर पंचमच काय, चारही तारा मुक्या.

त्या दुपारी आनंदी जेवली नाही. गोजराबाईंना सांगायला मात्र स्वतः गेली. त्यांनी ऐकून घेतलं, पदराने चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "एकादशीला आमी तोंडानेच सूर धरू. पण तू सोडू नको हां. उघडलीस ना, मग बंद पण तूच कर."

पेटी बिघडली यापेक्षा, ती का बिघडली हे कळत नव्हतं, हे आनंदीला जास्त झोंबलं होतं. त्याच आयर्नने बॅट जुळली होती, मग इथे पाटी का जळली? दोन दिवस ती व्हिडिओ बघत बसली. मग एका सकाळी पितळेचं पातेलं घासताना तिला चिंचणीच्या अंगणातली कल्हई आठवली. कल्हईवाला आधी भांडं तापवायचा, मग नवसागर टाकायचा, धूर उठायचा, आणि मगच कथील लावून कापसाने फिरवायचा. भांडं थंड असलं तर कथील गोळा होऊन घरंगळायचं, फार तापलं तर काळं पडायचं. नवसागर मळ काढायचा, म्हणून कथील धरायचं. इथेही तेच होतं. तिने मळ काढला नव्हता, काळ्या पडलेल्या टोकातून धग नीट उतरत नव्हती, म्हणून ती दाबून धरत राहिली आणि पाटी शिजली. धग हवी तेवढीच, हवी तिथे आणि लवकर पोचायला हवी. त्यासाठी लोक सोल्डरिंग स्टेशन वापरतात: एक डबा, त्यावर तापमानाचं बटण, आणि वायरीला लावलेली हलकी पेनासारखी मूठ.

"घरात घ्यायचं तर स्वस्तातलंच घेऊ," ती कृष्णकांतला म्हणाली. "पण बघून घेईन."

"एका पेटीपायी स्टेशन?" तो हसला. "आपल्या गावाला हाय की एक, केळवे रोड."

तरी त्यानेच तिला सकाळी मोटरसायकलवरून एसटीपर्यंत सोडलं.

पालघरला तिचंच जुनं आयर्न वेगवेगळ्या रंगांच्या मुठींत टांगलेलं होतं. दुकानदाराने सांगितलं, असलं सामान बोईसरला मिळेल, तिथे कारखान्यांची माणसं नेतात. म्हणून ती बोईसरला गेली. स्टेशनपासून चालत, गल्ल्या विचारत विचारत, मेहुल शाहच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात पोचली. चिंचोळं दुकान, छतापर्यंत प्लास्टिकचे खण, आणि काउंटरमागे तिशीचा, कपाळावर चष्मा चढवलेला मेहुल.

"बोला मावशी. मुलाच्या प्रोजेक्टसाठी का?"

"माझ्यासाठी."

मेहुलने चष्मा डोळ्यांवर घेतला आणि दोन डबे काढले. एक काळा, चकचकीत, निळ्या आकड्यांचा. दुसरा राखाडी, ओबडधोबड, त्यावर आकडे छापलेलं साधं फिरवायचं बटण. "किंमत जवळजवळ सारखीच. लोक हा डिजिटलच नेतात. आकडा दिसतो ना."

"लावून दाखवाल?"

दोन्ही लावले. आनंदीने पिशवीतून वाडीच्या पंपाच्या तांब्याच्या वायरचा जाडसर तुकडा काढला. तो तिने घरूनच आणला होता. बारीक तारेवर कुठलंही टोक चालेल, जाड तांबं धग ओढून घेतं, असं तिने कुठेतरी ऐकलं होतं. काळ्या डब्यावर निळा आकडा लगेच साडेतीनशेवर जाऊन थांबला.

"बघा, किती फास्ट," मेहुल म्हणाला.

आनंदीने सोल्डरची, म्हणजे कथलाची, तार टोकाला लावली. तार वितळली नाही. तिने आकड्याकडे बघितलं, टोकाकडे बघितलं, पुन्हा आकड्याकडे. "तीनशे पन्नास झालेत ना? मग हे वितळत का नाय?"

मेहुलनेही लावून बघितलं. बऱ्याच वेळाने टोक तापलं, तार वितळली, पण जाड तांब्याला टेकवलं की कथील दह्यासारखं थिजायचं. आणि हे सगळं होत असताना निळा आकडा तसूभरही हलला नव्हता.

"म्हणजे हा आकडा टोकाचा नाय," आनंदी हळूच म्हणाली. "आपण जो सांगितला तोच आपल्याला परत दाखवतोय."

मेहुलने चष्मा पुन्हा कपाळावर चढवला. "मावशी, मी हे डबे कधीचे विकतोय. असं लावून बघितलंच नाही कधी." मग त्याने राखाडी डबा पुढे ओढला. याचं टोक तापायला जरा वेळ लागला, पण तापलं ते खरं. जाड तांब्यावर कथील पसरलं, चमकलं. आनंदीने टोक उचललं, पुन्हा टेकवलं, बटण खाली फिरवून पुन्हा टेकवलं. प्रत्येक वेळी धग बदललेली हाताला कळत होती.

काउंटरशी फ्यूज घ्यायला आलेला, निळ्या गणवेशातला एक कामगार इतका वेळ हे बघत उभा होता. तो म्हणाला, "माताजी, अर्थिंग भी देख लो. तीन पिन का प्लग है, पर अंदर तार लगी है कि नहीं, भगवान जाने."

"कशी बघायची?"

मेहुलने मीटर काढला. एक सुई प्लगच्या वरच्या जाड पिनेला, दुसरी आयर्नच्या टोकाला. राखाडी डब्यावर मीटर 'टीं' वाजला. काळ्यावर वाजला नाही. आता मेहुललाच राहवेना. त्याने काळ्या डब्याचे स्क्रू काढले. तिघांनी डोकी एकत्र घातली. अर्थिंगची हिरवी वायर प्लगपासून आतपर्यंत आली होती, आणि कशालाच न जोडता तिथेच कापून ठेवलेली होती.

"अरे बाप रे," मेहुल म्हणाला.

"आतून बघितल्याशिवाय कसं कळणार?" आनंदी म्हणाली. त्यात तक्रारीचा सूर नव्हता. उलट तिचे डोळे चमकत होते. तिला आयुष्यात पहिल्यांदा अशी दोन माणसं भेटली होती, ज्यांना तिच्याइतकंच आत डोकावायचं होतं.

राखाडी डबा, एक चपटं आणि एक निमुळतं जादा टोक, नवसागराचं काम करणाऱ्या फ्लक्सची डबी आणि टोक पुसायला पितळेच्या तारांचा चोथा घेऊन ती संध्याकाळी घरी आली. एकदम पेटीला हात लावायचा नाही, हे तिने ठरवलं होतं. आधी मेलेल्या बॅटांच्या पाट्यांवर हात बसवला. आधी फ्लक्स, मग टोक पायाला आणि तांब्याला एकदम टेकवायचं, मग कथलाची तार. श्वास घेऊन सोडेपर्यंत काम झालं पाहिजे. सुरुवातीचे सांधे साबुदाण्यासारखे गोल झाले. पुढचे, नारळाच्या झाडाचं बूड जमिनीत जसं पसरतं तसे, पायाशी पसरू लागले.

मग तिने गोजराबाईंची पेटी उघडली. ज्या पायाचं कडं सुटलं होतं, तिथे डाग द्यायला जागाच उरली नव्हती. पण बटणाला तीन पाय होते आणि तिसरा पाय नुसता पाटीत रोवलेला होता, कुठल्याच रेघेला न जोडलेला. तिथलं कडं शाबूत. आनंदीने तुटलेल्या रेघेवरचं हिरवं आवरण चाकूच्या टोकाने हलकेच खरवडलं. खालून कोरं तांबं चमकलं. जुन्या चार्जरच्या वायरीतला एक केसासारखा धागा घेऊन तिने एक टोक त्या तांब्याला आणि दुसरं त्या रिकाम्या पायाला जोडलं. या वेळी पाटी आणखी तपकिरी पडली नाही. जळका वास आला नाही.

पेटी लावली. षड्ज घुमला. मग पुन्हा षड्ज, मग खालचा षड्ज. आणि मग पंचम.

गोजराबाई आल्या, मांडी घालून बसल्या, डोळे मिटून ऐकू लागल्या. "आहे. पण चढलाय जरा," असं म्हणत त्यांनी नेहमीच्या सवयीने बटण डावीकडे फिरवलं. पंचम आणखी चढला. त्यांनी आणखी डावीकडे फिरवलं, तर तो किंचाळायलाच लागला.

"आनंदे! हा उलटा चालतोय!"

आनंदीनेही फिरवून बघितलं. खरंच. उजवीकडे फिरवलं की सूर उतरत होता, डावीकडे चढत होता. तिचा चेहरा पडला, पण क्षणभरच. मग ती उठली, वाडीकडच्या दारात जाऊन उभी राहिली आणि कृष्णकांतने सुपारीसाठी काढलेल्या पाण्याच्या पाटाकडे बघत राहिली. बराच वेळ. मग वळून म्हणाली, "काकी, कळलं! पाट बघा. मधे आपण उभे हाव. पाणी या टोकानं येतं, तेव्हा आपण त्या टोकाकडं सरकलो की वाट लांबते. तेच पाणी त्या टोकानं सोडलं, तर तिकडं सरकल्यावर वाट आखूड होणार. बटणात मी वीज दुसऱ्या टोकानं सोडलीय! बटण सरळ करायचं तर कडं नसलं तरी पहिल्या पायालाच तार गुंडाळावी लागेल. करते, आता करते."

तिने आयर्नच्या मुठीकडे हात नेला, तर गोजराबाईंनी पेटी मांडीवर ओढून घेतली.

"हात लावू नको. त्या नवीन पोरी भजनाला येतात ना, माझ्या आधी येऊन सूर लावून ठेवतात, आणि लावतात कसा, तर वाकडा. आता माझ्याशिवाय कोणाला लावता नाय येणार." आणि त्यांनी बटण सावकाश उजवीकडे फिरवलं. पंचम उतरत उतरत बरोबर जागेवर येऊन बसला. मग गोजराबाईंनी तिथेच, राऊतांच्या पडवीत, डोळे मिटून एक अभंग सुरू केला, आणि मागच्या खोलीतले मुंबईचे पाहुणे चहाचे कप घेऊन बाहेर आले.

आठवड्याभराने मेहुलचा फोन आला. दुकानातले सगळे डबे त्याने मीटर लावून तपासले होते. निळ्या आकड्यांचे त्याने कंपनीला परत पाठवले. आता कोणी स्टेशन मागितलं, की तो आधी जाड तांब्याचा तुकडा काढतो. "मावशी, लोक विचारतात हे काय, तर मी सांगतो, केळव्याची पद्धत."

आता राऊतांच्या पडवीत खिडकीशी एक टेबल आहे. लोक वस्तू आणतात. सगळ्याच जगतात असं नाही; खाऱ्या वाऱ्याने पाटीच खाल्ली असेल तर आनंदी सरळ नाही म्हणते, पण त्याआधी मालकाला बोलावून कुठे काय खाल्लं ते दाखवते. बहुतेकांना घाई असते. काही जण वाकून बघतात, आणि अशांना ती चहा दिल्याशिवाय सोडत नाही.

परवा कृष्णकांत पंपाच्या टाकीतल्या पाण्याची पातळी दाखवणारा डबा घेऊन आला. तो बंद पडला होता. टेबलावर ठेवून तो जाईल असं आनंदीला वाटलं, पण तो स्टूल ओढून बसला.

"काय ग, पाणी भरलं हे याला कळतं कसं?"

"उघडू या की," ती म्हणाली आणि स्क्रूड्रायव्हर त्याच्याच हातात दिला.