कमरेला रिव्हॉल्व्हर, पिशवीत दुधी

आमच्या घरातलं रिव्हॉल्व्हर माझ्या नावावर आहे, कारण ते दुसऱ्या कुणालाच नको होतं.

मूळ मालक माझे सासरे. जंगल खात्यात नोकरीला होते, तेव्हा त्यांनी परवाना काढला होता. मामंजींनी त्या रिव्हॉल्व्हरनं आयुष्यात काही मारल्याचं ऐकिवात नाही. ते गेल्यावर मी विकून टाकू म्हटलं, तर सासूबाईंनी दोन दिवस माझ्याशी बोलणं सोडलं. (हे दोन दिवस बरे गेले, पण ते असो.) त्यांचं म्हणणं असं की मोहित्यांकडे चौदा पिढ्या या गावात खंडेनवमी झाली, ती काय आता सुरी आणि विळीवर करायची? नवऱ्याला परवाना घे म्हटलं, तर तो व्हाइटफील्डला संगणकासमोर बसणारा माणूस, फटाक्यालाही घाबरतो. शेवटी अर्ज माझ्या नावानं गेला. मी एका इस्पितळाचं भांडार सांभाळते. कागदपत्रं पूर्ण करण्याचा मला सराव आहे. परवाना आला, आणि वर्षातून एकदा पूजेला निघणारं ते हत्यार माझं झालं.

अडचण येते ती निवडणुकीत. आचारसंहिता लागली की परवान्याची सगळी हत्यारं पोलिस स्टेशनात जमा करावी लागतात. या वेळी नोटीस आली, ती सासूबाईंनी पंचांगात खूण म्हणून घालून ठेवली. मला सापडली तेव्हा शेवटचा दिवस उजाडला होता. संध्याकाळी पाचच्या आत जमा झालं नाही, तर माझ्यावर गुन्हा. माझ्यावर म्हणजे परवानाधारकावर. ज्या बाईनं उभ्या आयुष्यात वाचनालयाचं पुस्तक उशिरा परत केलं नाही, तिच्यावर!

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली, परवान्याची फाइल काढली आणि रिव्हॉल्व्हर भाजीच्या पिशवीत घालायला लागले. सासूबाई आडव्या आल्या.

"सरोज, हत्यार कुणी पिशवीत घालून नेतं का? तो काय दुधी आहे?"

मग त्यांनी त्याला हळदकुंकू लावलं, कातडी म्यानाला अबोलीचा गजरा बांधला, आणि मामंजींच्या पट्ट्यानं ते माझ्या कमरेला अडकवलं. पट्ट्याला माझ्यासाठी चार नवी भोकं पाडावी लागतील अशी माझी समजूत होती. एकही पाडावं लागलं नाही.

मला खरं तर ही सोय पटली. पिशवी मी कुठेही विसरते. कंबर विसरता येत नाही. शिवाय रिव्हॉल्व्हर रिकामं होतं, काडतुसं मामंजींच्या काळातच संपली होती. वरून ओढणी घेतली म्हणजे कुणाला दिसणारही नाही, असा मी हिशेब केला. इस्पितळाचं ओळखपत्र गळ्यात होतंच, कारण ते मी झोपतानाच काढते. फाइल काखेत धरली आणि निघाले.

स्टेशनात गेले तर हत्यारांचं रजिस्टर ज्यांच्याकडे ते हवालदार मतदान केंद्रं बघायला गेलेले. दुसरा कुणी त्या रजिस्टराला हात लावू शकत नव्हता. तीन वाजता या, म्हणाले. तेव्हा बारा वाजले होते. घर तसं जवळ, पण बनशंकरीतला आमचा रस्ता गटारासाठी खणलेला. रिक्षानं जाऊन यायला दीड तास. स्टेशनच्या मागेच बाजार आहे आणि माझ्या पर्समध्ये कामांची यादी होती. तीन तास बाकावर बसून काढणं माझ्या स्वभावात नाही.

पहिलं काम चष्म्याचं. वाचायच्या चष्म्याचा स्क्रू निघाला होता. दुकानदारानं माझ्याकडे पाहिलं, समोरच्या दोन गिऱ्हाइकांना बाजूला केलं आणि चष्मा स्वतः दोन्ही हातांनी घेतला. तासाभरात करून ठेवतो, म्हणाला. तीन महिन्यांपूर्वी याच माणसानं मला तीन फेऱ्या मारायला लावल्या होत्या. माणसं सुधारतात, असं मी मनात म्हटलं.

भाजीवाल्या अक्कांनी दुधी मला निवडू दिला. वर नखही लावू दिलं. ज्यांनी या बाजारात दुधीला नख लावून दाखवलं असेल, त्यांनाच याचा अर्थ कळेल. टोमॅटो तोलताना त्यांनी काटा माझ्याकडे वळवला आणि विचारलं, "बरोबर आहे ना मेडम? तुम्हीच बघून घ्या." मला वाटलं, वीस वर्षं भाजी घेतेय, शेवटी या गावाला माझी किंमत कळली.

पुढचं काम कुकरच्या रबरी रिंगचं. भांड्यांच्या दुकानात मी पाऊल टाकलं आणि मालक गल्ल्यावरून उठून उभे राहिले. त्यांच्या मागे भिंतीला टेकून कुकरचे खोके छतापर्यंत रचलेले होते. मी काही बोलण्याआधीच ते म्हणाले की हे सगळे कुकर लग्नाच्या परतभेटीचे आहेत.

मी म्हटलं, "सरी." कानडीत, म्हणजे बरं.

ते म्हणाले, मुलीकडच्यांनी सांगितलेत. पत्रिका दाखवतो.

मी म्हटलं, पत्रिका नको, मला पाच लिटरच्या कुकरची रिंग हवी आहे.

त्यांनी कपाळ पुसलं. मग अगदी हळू आवाजात विचारलं, "फक्त रिंग?"

"फक्त रिंग. आणि ती कुकरवर बसते का ते इथेच बघणार. मागच्या वेळी सैल निघाली होती."

त्यांनी एक खोका उघडून नवाकोरा कुकर काढला, रिंग बसवली, झाकण लावून दाखवलं. खोक्यावर कुणाचा तरी हात जोडलेला फोटो चिकटवला होता. चष्मा नसल्यामुळे मला वाटलं, नवरदेवाचे वडील. हौशी दिसतात, असं मी म्हटलंसुद्धा. मालक पाण्याच्या बाटलीकडे धावले.

बाहेर पडते तोच पांढऱ्या शर्टातले एक गृहस्थ पायऱ्यांवर थांबलेले. मागेपुढे बघून म्हणाले, "मेडम, स्वल्प माहिती द्यायची होती."

त्यांची माहिती अशी की अमक्या गल्लीत अमक्याच्या गोदामात काही तरी साठवलेलं आहे आणि ते पोलिसांना कळायला हवं. मला वाटलं, यांनी मला स्टेशनातून बाहेर पडताना पाहिलंय आणि स्वतः जायचा आळस आहे. मी तशीही तीनला जाणारच होते. इस्पितळात माझ्यासमोर रोज दहा माणसं तोंडी तक्रार करतात, त्यांना मी जे उत्तर देते तेच तोंडातून गेलं: "तोंडी चालणार नाही. लिहून द्या. गल्ली, घराची खूण, काय आहे आणि किती आहे, सगळं हवं."

ते इतके प्रभावित झाले की त्यांनी नमस्कार केला.

इथे मी थांबायला हवं होतं. पण नीटनेटकी तक्रार बघितली की मला राहवत नाही. गृहस्थांनी लिहिलं, तेवढ्यात नारळवाले अण्णा आले. त्यांच्याही मनात काही होतं. मग एक रिक्षावाला आला, मग दोन बायका आल्या. अर्ध्या तासात मी नारळाच्या दुकानासमोर स्टुलावर बसले होते आणि समोर रांग होती. रांग मीच लावली. एकानं दुसऱ्याच्या खांद्यावरून बोलायचा प्रयत्न केला, त्याला मी मागे पाठवलं. कुणी शहाळं आणून दिलं. एका बाईंना लिहिता येत नव्हतं, त्यांच्यासाठी मी नारळवाल्या अण्णांना लिहायला बसवलं. मला स्वतःला त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं, कारण चष्मा दुकानात. पण कागद वाचणं माझं काम नव्हतंच. मी फक्त घड्या सारख्या करून फाइलमध्ये लावत होते.

एक गोष्ट सांगायची राहिली. स्टुलावर बसताना मी ओढणी खांद्यावरून काढून कमरेला खोचली होती. काम करताना मी नेहमीच खोचते. आणि त्याआधीही ती ओढणी जॉर्जेटची, आरपार दिसणारी होती.

पावणेचार वाजले तेव्हा मी दचकून उठले. उरलेल्यांना उद्या या म्हटलं. (कुठे, हे त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.) चष्मा आणायलाही वेळ नव्हता. स्टेशनात पोचले तर आत गोंधळ. निवडणुकीच्या भरारी पथकातल्या एक बाई आल्या होत्या, एरवी शाळेत शिक्षिका, सोबत कॅमेरा घेतलेला एक माणूस. त्या इन्स्पेक्टरसाहेबांना सांगत होत्या की कुणी तोतया बाई कमरेला पिस्तूल लावून बाजार तपासत फिरतेय, दुकानदारांचे तीन फोन आले, भांडीवाल्यानं तर दुकान बंद करून गाव सोडलं.

मी रांगेत उभी राहून हे सगळं ऐकलं आणि मान हलवली. म्हटलं, "हल्ली काय एकेक माणसं असतात."

माझ्या आवाजानं सगळे वळले. इन्स्पेक्टर माझ्या कमरेकडे बघत होते, बाई माझ्या गळ्यातल्या ओळखपत्राकडे, आणि कॅमेऱ्यातला लाल दिवा लागलेला होता. मग मीही खाली पाहिलं.

त्यानंतरची पाच मिनिटं मी बरंच बोलले. परवाना दाखवला, नोटीस दाखवली, रिंग दाखवली, दुधी दाखवला. इन्स्पेक्टरांनी रिव्हॉल्व्हर म्यानातून काढून टेबलावर ठेवलं. त्यांच्या बोटांना कुंकू लागलं. त्यांनी ते वर धरून दिव्याशी नेलं, हुंगलं आणि शिक्षिकाबाईंना म्हणाले, "सरकारी पिस्तुलाला गजरा नसतो मेडम. ही बाई खरी आहे."

एवढ्यावर तोतयेगिरी मिटली. पण जमा व्हायचं राहिलंच होतं. हवालदारांना परवान्यावरचा नंबर हत्यारावर हवा, आणि हत्यारावर नंबराच्या जागी नुसतं कुंकू. चाळीस खंडेनवम्यांचं, तेलात कालवलेलं, एकावर एक. घोडा हलेना, चक्र फिरेना. नळीत अक्षता होत्या. हवालदार म्हणाले, नंबर दिसल्याशिवाय नोंद नाही. घड्याळात साडेचार झाले होते. मी पिशवीतून बाजारात घेतलेली नवी घासणी काढली, त्यांच्या अंगणातल्या नळाखाली बसले आणि ते रिव्हॉल्व्हर घासलं. तव्यासारखं घासलं. चार पोलिस भोवती उभे राहून बघत होते. एकानं साबण आणून दिला. पाचला सात कमी असताना नंबर दिसला, पाचला दोन कमी असताना माझ्या हातात पावती पडली.

माझ्यावरचा गुन्हा टळला होता. अशा वेळी शहाणी बाई घरी जाते. मी मात्र फाइल उघडून शिक्षिकाबाईंना म्हटलं की माझ्यामुळे तुमची धावपळ झाली, तर निदान एवढं तरी घ्या. आणि नऊ तक्रारी पुढे ठेवल्या. गल्लीसकट, खुणांसकट, आकड्यांसकट. त्यांचे डोळे भरून आले असते तर मला नवल वाटलं नसतं. गेले चार दिवस त्या उन्हात फिरत होत्या आणि त्यांना कुणी एकही नाव सांगितलं नव्हतं.

त्या एकेक मोठ्यानं वाचत गेल्या. सगळ्यांत नेमकी म्हणून त्यांनी नववी तक्रार उचलली. एक वयस्क बाई घरोघरी निरोप पाठवून शुक्रवारी बायकांना बोलावतेय. घरात चाळीस स्टीलचे डबे आणून ठेवलेत, प्रत्येकात ब्लाउजपीस. फुकट वाटणार आहे.

मी म्हटलं, "असल्या बायकांना अजिबात सोडू नका. वय बघू नका. लगेच जा."

"हो," त्या म्हणाल्या, आणि पुढचं वाचलं, "बनशंकरी दुसरा टप्पा, गटाराच्या खड्ड्यासमोर, हिरवं गेट, दारात तुळस."

चैत्रातल्या हळदीकुंकवाचे ते डबे. गेल्या रविवारी माळ्यावर मीच चढवले होते.

मी समजावलं. वाण म्हणजे काय हे सांगितलं. शिक्षिकाबाईंना ते पटलंही, त्या मान हलवत होत्या. पण तक्रार लेखी होती. तोंडी असती तर सोडून देता आली असती, म्हणाल्या. लेखी आल्यावर तपासावीच लागते.

मला जीपमधून घरी नेलं. सासूबाईंनी दार उघडलं, पाहुणी बाई बघून त्यांना आनंद झाला. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी अधिकारीबाईंना पाटावर बसवलं, हळदकुंकू लावलं, कैरीची डाळ आणि पन्हं दिलं, आणि शुक्रवारी तुम्हाला जमेल न जमेल म्हणून एक डबा तिथल्या तिथे हातात ठेवला. कॅमेरा चालूच होता.

"आणि लक्षात ठेवा हं आम्हाला," सासूबाई म्हणाल्या.

चाळीस डबे खात्री होईपर्यंत जप्त झाले. पंचनाम्याला शेजारचं कुणी पुढे येईना, तेव्हा मी पेन मागून घेतलं. त्या दिवशी सरकारदरबारी माझं काम इतकं चोख झालं की तक्रार माझ्या फाइलमधली, साक्षीदाराची सही माझी, आणि घरपट्टी माझ्या नावानं येते म्हणून नोटीसही मलाच.