टाकी धुतली त्या दिवशी

माझ्या धाकट्या भावाच्या दहाव्याला आमचं घर धुतलं गेलं. सुतक फिटतं त्या दिवशी भाऊबंदांतल्या बायका येऊन घर वरपासून खालपर्यंत धुऊन काढतात, ही आमच्याकडची रीत. तिच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. मला मागच्या विहिरीवर न्हायला पाठवलं होतं. ओल्या केसांनी परत आले तेव्हा चुलतवहिनी पडवीत उभी होती. हात कोपरापर्यंत भिजलेले आणि मुठीत कालवं काढायची कोयती.

"बघ गो बाय, तेच्या दगडांक किती घाण धरलेली! सगळी खरवडून टाकलंय."

ते दगड भावाच्या टाकीतले होते.

पडवीत त्याने खाऱ्या पाण्याची काचेची टाकी ठेवली होती. दोन नारिंगी मासे आणि एक प्रवाळ, एवढाच संसार. प्रवाळ समुद्रातून तोडलेलं नव्हतं. टाकीतच वाढवून विकणाऱ्या मुंबईच्या माणसाकडून आणलेला तो अंगठ्याएवढा तुकडा भावाच्या हाताखाली तळहाताएवढा झाला होता. त्याच्याबरोबर न दिसता आणखी एक पाहुणं आलं, नखाएवढं तपकिरी समुद्रफूल. दिसायला फुलासारखा नाजूक, पण शेजारच्या प्रवाळाला डंख मारून मारून संपवणारा जीव. त्याला खरवडायचं नसतं. दगडाला चिकटून राहिलेल्या प्रत्येक कणाचं नवं समुद्रफूल होतं.

भाऊ दर रविवारी पंप बंद करून बसायचा. पानाला लावतात तोच चुना पाण्यात घट्ट कालवून सिरिंजमध्ये भरायचा आणि एकेका समुद्रफुलाच्या तोंडावर थेंब सोडायचा. ते मिटलं की नळीने ओढून घ्यायचं. एका बैठकीत थोडीच, नाहीतर चुन्याने मासे कासावीस होतात. मी शेजारी वाचत बसायचे. आम्ही फारसं बोलत नसू.

तेवढ्या वर्षांची चिकाटी वहिनीने मी न्हाऊन येईपर्यंत खरवडून टाकली. समुद्रकाठची बाई, खडकावरून कालवं काढण्यात गावात तिचा हात धरणारं कोणी नाही. दगडाला चिकटलेलं काही दिसलं की तिच्या हाताला दुसरं सुचतच नाही. प्रवाळ तेवढं "फूल बरा दिसता म्हणान" तिने सोडलं होतं.

महिन्याभरात टाकी समुद्रफुलांनी भरली. भेटायला येणारे काचेला नाक लावून म्हणायचे, "वा, काय सुंदर!" मला त्यांना बाहेर काढावंसं वाटे. एका काकांनी तर उपाय सांगितला, "समुद्रात सोडून टाक सगळा. तेचो आत्मो शांत होतलो." ज्या माशांनी समुद्र कधी पाहिला नाही ते समुद्रात सोडायचे, आणि ही कीड आपल्याच खडकांवर पेरायची! भावाची मोटारसायकल मात्र समुद्रात सोड असं कुणी म्हणालं नाही. ती सर्व्हिसिंगला म्हणून एका पुतण्याने नेली, ती तिकडेच आहे. माणूस गेला की त्याचं कामाचं ते वाटून घ्यायचं आणि जिवंत ते टाकून द्यायचं, हा हिशेब मला अजून उमगलेला नाही.

मासिक श्राद्धाला वहिनी आली आणि टाकीशी वाकली. "परत वाढली गो? थांब, कोयती खंय ठेवलंय ती?"

"वहिनी, कृपा करून टाकीला हात लावू नका." राग आला की माझ्या तोंडी मी काम करते त्या लायब्ररीतली भाषा येते.

"कृपा करून? मी काय तुझ्या लायब्ररीत इलंय? चार बायका नावां ठेवतीत म्हणान साफ केलंय, तर माकाच बोलतस!"

"साफ केलं म्हणूनच वाढली."

ती स्वयंपाकघरात गेली आणि नेहमीपेक्षा जोरात भांडी आपटू लागली.

प्रवाळाची एक कड पांढरी पडली होती. मी चुना घालत होते, पण थेंब पुरत नव्हते. एका रविवारी सिरिंज हातात धरून मी भावावरही चिडले. इतकं सगळं वाढवायचं आणि अर्ध्यावर टाकून जायचं! कुणाच्या भरवशावर?

मग ठरवलं. दगड काही वाचत नव्हता. प्रवाळ त्याच्यावरून सोडवून घ्यायला हवं होतं, आणि त्याला हत्यार एकच होतं. वहिनीची कोयती पडवीच्या वळचणीला खोचलेली होती. मी ती प्रवाळाच्या बुडाशी घातली. माझा हात तिच्यासारखा नाही. प्रवाळ दुभंगलं. पांढरी बाजू चुरली आणि अंगठ्याएवढा जिवंत तुकडा माझ्या हातात आला. भावाच्या खणातल्या गोंदाने मी तो कोऱ्या कौलाच्या तुकड्यावर चिकटवला आणि मासे नि तो भावाच्या माळ्यावरच्या जुन्या, लहान टाकीत हलवले. दगड अंगणात उन्हात टाकले.

दुसऱ्या दिवशी वहिनी आली. "हे धोंडे हय कित्याक?"

"सुकवतेय."

"आणि माझी कोयती?"

"ती मी देणार नाही."

तिने माझ्याकडे बघितलं, मग टाकीकडे. "ठेव. माका दुसरी आसा."

तुकडा आठवडाभर मिटून होता. मग एका सकाळी त्याची तोंडं एकेक करून उघडली. मी खुर्ची ओढून जवळ गेले. कौलाच्या कडेला, गोंदाच्या फटीत, एक तपकिरी टिंब हलत होतं.

मी पंप बंद केला आणि चुना कालवायला घेतला.