एकच प्रश्न, तीन वेळा

माणसाच्या मनाचा तळ आजवर कुणाला लागलेला नाही, असं मी बारामतीच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात सव्वीस वर्षं शिकवत आलो. मानसशास्त्राच्या पहिल्याच तासाला हे वाक्य मी आवाज खाली आणून म्हणायचो. मागच्या बाकावरची मुलंसुद्धा क्षणभर गप्प व्हायची. निवृत्त झाल्यावर दुसऱ्या वर्षी भाचीनं माझ्यासमोर लॅपटॉप उघडला, तेव्हा कळलं की विमान कंपनीला हा तळ चाळीस मिनिटांत लागतो आणि त्यातली पाच मिनिटं सूचना वाचण्यासाठी असतात.

भाची निमगाव केतकीची, माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. विमान चालवण्याचा परवाना मिळून तिला दीड वर्ष झालं होतं. विमान मात्र मिळालं नव्हतं. परवाना नुसता कपाटात ठेवला तर शिळा होत जातो, हे घरात एव्हाना सगळ्यांना माहीत झालं होतं. मग एका कंपनीनं भरती काढली. पहिली पायरी म्हणजे दिल्लीला एक दिवसाची चाचणी. सकाळी हात, डोळे आणि कान तपासणार, दुपारी स्वभाव. चाचणीत नापास होणाऱ्याला वर्षभर पुन्हा अर्ज करता येणार नाही, हे एकच वाक्य त्या पत्रात ठळक अक्षरांत होतं.

तिच्या आजोबांचा, म्हणजे माझ्या बहिणीच्या सासऱ्यांचा, आबांचा, मला फोन आला. "मास्तर, ह्यो तुमचाच विषय हाय म्हनत्यात. चार आठवडं पोर तुमच्याकडं लावून देतो." माझ्याकडे वीज आणि इंटरनेट दोन्ही टिकतात, हे दुसरं कारण त्यांनी सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही की विषय शिकवणं आणि चाचणीला बसणं यात पंचांगातला पाऊस आणि रानातला पाऊस एवढं अंतर असतं.

माझ्या जेवणाच्या टेबलावर तिनं जॉयस्टिक जोडली. पडद्यावर एक चेंडू सारखा कुठंतरी निघून जायचा, तो फुलीवर आणून ठेवायचा. त्याच वेळी कानात कुणीतरी आकडे म्हणत असतं, त्यातले तीन विषम आकडे लागोपाठ आले की बटण दाबायचं. वर कोपऱ्यात बेरजा. तिचे हात चांगले होते, कान कच्चा होता. म्हणून मी मागे उभा राहून वर्तमानपत्रातले बाजारभाव मोठ्यानं वाचू लागलो. कांदा, गहू, ज्वारी, सगळं ठीक चालायचं. डाळिंबाचा भाव आला की चेंडू फुली सोडून निघून जायचा. घरी डाळिंबाची बाग आहे. मी डाळिंब गाळून वाचायला लागलो, तर दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, मामा, डाळिंबच वाचा. आठवडाभरानं भाव उतरला तरी चेंडू हलला नाही.

दिशांच्या प्रश्नांवर तिची स्वतःची तोड होती. विमान नैर्ऋत्येला तोंड करून आहे, उजवीकडे एवढे अंश वळलं, आता कुठे चाललंय, असं विचारलं की ती डोळे मिटून निमगावच्या रस्त्यावर उत्तरेकडे तोंड करून उभी राहायची. उजव्या हाताला इंदापूर, डाव्या हाताला बारामती. तिथून तिचं विमान कधीही भरकटलं नाही.

मधल्या एका रविवारी आम्ही बारामतीतल्या एका मंगल कार्यालयात हवाई क्षेत्रातल्या करिअरचं मार्गदर्शन ऐकायला गेलो. व्यासपीठावर नऊ खुर्च्या होत्या आणि नऊही माणसांना शाल आणि नारळ द्यायचा होता. सत्काराला पाऊण तास लागला. एका पाहुण्यांनी, ज्यांचा विमानाशी संबंध प्रवासी म्हणूनच आला असावा, गरुडाविषयी बराच वेळ सांगितलं. मुख्य वक्त्यांना दहा मिनिटं उरली. त्यांनी व्यक्तिमत्त्व चाचणीसाठी एकच मंत्र दिला: तुम्ही जसे आहात तसेच राहा. बाहेर टेबलावर त्यांचीच आदर्श उत्तरांची पुस्तिका विकायला होती. आम्ही ती घेतली नाही. नारळ मात्र एक जास्तीचा उरला होता, तो संयोजकांनी मी निवृत्त प्राध्यापक असल्याचं कळल्यावर माझ्या हातात दिला.

खरी अडचण त्या मंत्रातच होती. भाचीनं स्वभावाचा पहिला सराव संच सोडवला. दोनशे विधानं, प्रत्येकापुढे अजिबात असहमत ते पूर्ण सहमत असे पाच पर्याय. शेवटी पडद्यावर आलं: उत्तरांत सातत्य नाही, निकाल ग्राह्य धरता येत नाही. तिनं दुसरा संच सोडवला, मग तिसरा, मग चौथा. चारही वेळा यंत्राचं मत तेच. सातत्य म्हणायचं तर यंत्राकडे होतं.

दोन आठवडे उरले होते. दुपारी हा शेरा आला तर सकाळी फुलीवर धरून ठेवलेला चेंडू वाया जाणार होता. त्या दिवशी जेवणानंतर ताट धुऊन ठेवताना ती एवढंच म्हणाली की मी खोटं एकही लिहिलं नाही, मामा. माझा त्यावर विश्वास होता आणि पंचाईत तीच होती.

मी चारही संच छापून घेतले आणि लाल पेन घेऊन बसलो. असल्या चाचण्या एकच गोष्ट शब्द बदलून तीनदा विचारतात, माणूस फिरतो का ते बघायला. "गटाचं नेतृत्व मला चांगलं जमतं" हे विधान बाराव्या क्रमांकावर होतं. भाचीचं उत्तर, असहमत. एकाहत्तराव्या क्रमांकावर तेच वेगळ्या कपड्यांत आलं. उत्तर, थोडंफार सहमत. एकशे अठ्ठेचाळीसाव्याला पूर्ण सहमत. पुढचं त्रिकूट काढलं, तिथंही हीच चढण. चारही संचांत पहिल्यांदा नाही, दुसऱ्यांदा बघू, तिसऱ्यांदा हो. मी यावर दोन पानी टिपण लिहिलं. त्यात आत्मप्रतिमा हा शब्द सहा वेळा आला होता.

रविवारी ते टिपण घेऊन भाचीसह निमगावला गेलो. ओसरीवर आबा होते, भाचीचे वडील, म्हणजे माझे दाजी, बागेतून नुकतेच आले होते. बसल्या बसल्या बहिणीनं चहाचं विचारलं. मी म्हणालो, नको, आत्ताच घेऊन निघालोय. तिनं पुन्हा विचारलं. म्हटलं, राहू दे गं, उगाच कशाला. तिनं तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा म्हणालो, बरं, टाक अर्धा कप. मग मी गंभीर चेहऱ्यानं टिपण उघडलं आणि पोरगी पहिल्यांदा नाही म्हणते, मग अर्धवट म्हणते आणि मग हो म्हणते, हे समजावून सांगितलं.

आबांनी सगळं ऐकून घेतलं. "मग बराबरच हाय की, मास्तर. पैल्याच विचारण्याला व्हय म्हनंल, ती कुनाची पोर म्हनायची?"

त्यांनी स्वयंपाकघराकडे हात केला. आत माझा अर्धा कप उकळत होता.

मी टिपण घडी करून ठेवलं. थोड्या वेळानं बहिणीनं त्यावरच कपबशी ठेवली.

दाजींनी तेवढ्यात एक शंका काढली. ते मुळात मोटारी आणि पाईप यांच्यात रमणारे, त्यामुळे त्यांना आधी काय बिघडेल तेच दिसतं. "आन त्यांनी तिसऱ्यांदा विचारलंच न्हाय तर?"

"विचारत्यात," आबा म्हणाले. "भली मानसं तीनदा विचारत्यात."

त्या दिवसापासून भाचीला एक नियम लावला. चहा असो, भाकरी असो की शेजारणीचं "बस की जरा" असो, पहिल्या विचारण्यालाच हो किंवा नाही सांगायचं आणि त्यावरून हलायचं नाही. हे ऐकायला सोपं आहे. तिला पहिले दोन दिवस बोलताना घाम फुटायचा. "आणखी वाढू का?" असं मी विचारलं की ती आधी "न" म्हणायची, मग थांबायची, मग "हो, एक भाकरी" असं म्हणून ताटात बघत बसायची. गावी गेली तेव्हा शेजारच्या घरात तिनं पहिल्याच विचारण्याला चहाला हो म्हटलं. त्या बाईंनी चहा दिला आणि दुसऱ्या दिवशी गिरणीत बहिणीला सांगितलं की विमान शिकल्यापासून पोरगी जरा बदलली. बहिणीनं मला फोन करून विचारलं, हे परीक्षेनंतर उतरेल ना? मी म्हटलं, उतरेल. याला शास्त्रीय आधार काही नव्हता.

पाचव्या संचाला निकाल ग्राह्य धरला गेला. सहाव्याला आणि सातव्यालाही. आता ती बाराव्या विधानाला सहमत असायची आणि एकशे अठ्ठेचाळीसाव्यालाही. तिचा स्वभाव मला तरी पूर्वीचाच वाटत होता. चहाची पद्धत तेवढी तिनं पेपरातून बाहेर काढली होती.

दिल्लीहून संध्याकाळी तिचा फोन आला. चेंडू बहुतेक वेळ फुलीवर राहिला होता. दिशांच्या प्रश्नांना ती निमगावच्या रस्त्यावर उभी राहून आली होती. दुपारी एकच गोष्ट तीन रूपांत आली की तिला ओळखू यायची आणि तिन्ही वेळा तिनं तेच उत्तर दिलं होतं. आवाज बरा होता, पण घसा कोरडा वाटला. मी विचारलं.

ती म्हणाली, मधल्या सुट्टीत गणवेशातल्या एक बाई ट्रे घेऊन आल्या होत्या, चहा की कॉफी विचारत. आत पहिल्याच विचारण्याला खरं सांगायची तयारी होती, पण हा प्रश्न बाहेरच्या दालनात आला. "मी नको म्हटलं, मामा. त्या पुढं गेल्या." वाट बघणं आणि पेपर मिळून दुपारचे तीन तास ती तशीच बसली. ट्रे एकदा परत तिच्यासमोरून गेला होता. मग हात का नाही केला, असं मी विचारलं. ती म्हणाली, पहिलं उत्तर बदलायचं नाही असं ठरलं होतं ना.

अकराव्या दिवशी मेल आली. ती पास झाली होती. मुलाखतीला बोलावलं होतं. बहीण फोनवर रडली, दाजी बागेत निघून गेले. आबांना मी स्वतः जाऊन सांगितलं. ते बरं झालं म्हणाले आणि मग त्यांनी दिल्लीत चहा कितीदा विचारला ते विचारलं. एकदा, असं मी सांगितलं. मेल त्यांना पूर्ण वाचून हवी होती, म्हणून मी ओळीनं मराठीत सांगत गेलो. अभिनंदन, मुलाखतीची तारीख, सोबत आणायच्या कागदांची यादी, पोशाखाविषयी चार ओळी. शेवटची सूचना अशी होती की चहापाण्याची सोय उमेदवारांनी स्वतः करावी.